मेंदूत फॉस्फोलिपिड बनवणारे एन्झाइम लिव्हरपेक्षा वेगळे असतात का? (सेमिनार आहे, आणि आजोबांच्या गोळीचंही विचारायचंय)

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्री दुसरं वर्ष, कॉलेज ठाण्यात, राहते कळव्यात. सेमिनारला विषय आलाय नर्व्हस टिश्यूमधले फॉस्फोलिपिड (पेशीच्या पटलातले मुख्य लिपिड) बनवणारे एन्झाइम. लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक काढलं तर त्यात जे आहे ते सगळं लिव्हरचं, रॅट लिव्हर मायक्रोसोम्स, रॅट लिव्हर सायटोसोल, आणि धड्याच्या शेवटी एक ओळ की मेंदूतही साधारण असंच चालतं. आता त्या एका ओळीवर वीस मिनिटं काय बोलू? आमच्या मॅडम प्रश्न विचारताना कोणाला सोडत नाहीत.

तर पहिला प्रश्न, मेंदूचे एन्झाइम खरंच वेगळे आहेत का तेच आहेत? आणि तेच असतील तर मग नर्व्हस टिश्यू असा वेगळा विषय काढायचं कारण काय?

दुसरं जरा घरचं आहे. आजोबांना स्ट्रोक येऊन गेला, आता बरे आहेत, डावा हात थोडा जड आहे. त्यांना बाकीच्या गोळ्यांबरोबर सिटिकोलिन चालू आहे. परवा स्ट्रिप हातात होती आणि ट्यूब पेटली की सिटिकोलिन म्हणजेच सीडीपी-कोलिन, म्हणजे केनेडी पाथवेचं (पेशीत फॉस्फोलिपिड बनायची मुख्य वाट) मधलं इंटरमिजिएट आमचे आजोबा रोज नाश्त्यानंतर पाण्याबरोबर घेतायत! त्यांना सांगितलं तर म्हणाले मग याने मेंदू भरून येतो का गं? मी गप्प. काय सांगायचं?

निवृत्त_मास्तर

अगं छान विषय आहे, घाबरू नकोस. आयुष्यभर हेच शिकवलं, आता नेरुळला बसून नातवाला पाढे शिकवतो, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे एन्झाइम तेच आहेत. फॉस्फॅटिडिलकोलिन, म्हणजे पीसी, बनवायला तीन पायऱ्या. कोलिन किनेज कोलिनला फॉस्फेट लावतं, हे सायटोसोलमधे. मग सीटीपी:फॉस्फोकोलिन सायटिडिलिलट्रान्सफरेज, सगळे सीसीटी म्हणतात, ते सीटीपी (एटीपीसारखाच शक्ती देणारा रेणू) वापरून सीडीपी-कोलिन बनवतं. आणि शेवटी कोलिनफॉस्फोट्रान्सफरेज, ईआरच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) पटलात बसलेलं, ते सीडीपी-कोलिनमधला फॉस्फोकोलिनचा तुकडा डायअसिलग्लिसेरॉलवर (दोन फॅटी ॲसिड लावलेल्या ग्लिसेरॉलवर) चढवतं. झालं पीसी. इथेनॉलअमिनचं पीई (फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिन) पण याच धर्तीवर, तिथे मधला एन्झाइम पीसीवायटी-२.

सीटीपीचा शोध कसा लागला ते सेमिनारमधे नक्की सांग, पोरं जागी होतात. १९५० च्या दशकाच्या मध्यात शिकागोत युजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस या कामावर होते. सगळ्यांची समजूत अशी की शक्ती एटीपीच देत असणार. तर त्यांना दिसलं की कमी शुद्ध एटीपी टाकलं की पीसी बनतं आणि छान स्फटिकरूप शुद्ध एटीपी टाकलं की काहीच होत नाही. दुसरा कोणी असता तर बाटली फेकून दिली असती. यांनी भेसळ काय आहे ते शोधलं आणि ती निघाली सीटीपी. १९५६ ला पेपर आले. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे लगेच १९५७ मधे कॅनडात रॉसिटरच्या गटाने रॅटच्या मेंदूच्या पेशीविरहित प्रेपरेशनवर किरणोत्सारी फॉस्फरस वापरून हीच वाट दाखवली. म्हणजे मेंदूतही असंच चालतं ही तुझ्या पुस्तकातली ओळ कोणीतरी प्रत्यक्ष करून बघितलेली आहे, अशीच ठोकून दिलेली नाही.

आता मुद्द्याचं. तीन पायऱ्यांत अडतं ते मधल्या पायरीवर, सीसीटीवर. कळव्याची आहेस तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून रोज जात असशील, ठाण्याकडे रस्ता कितीही रुंद करा आणि ऐरोलीकडे कितीही लेन वाढवा, गाड्या किती सुटणार ते तो पूलच ठरवतो. सीसीटी तसं आहे. आणि हे एन्झाइम हुशार फार. एरवी ते विरघळलेल्या अवस्थेत सुस्त पडून असतं. पटलात पीसी कमी झालं, फॅटी ॲसिड किंवा डायअसिलग्लिसेरॉल वाढलं, की त्याचा एक लांबट हेलिक्स पटलाला जाऊन चिकटतो आणि एन्झाइम चालू. पीसी पुरेसं झालं की सुटतं, बंद. पटलात माल कमी पडतोय हे पटलालाच चाचपून कळतं, वेगळा निरोप्या लागत नाही.

याचे दोन जीन आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा सगळीकडे. उंदरात अल्फा पूर्ण काढला तर भ्रूण अगदी पहिल्या काही दिवसांतच संपतो. बीटा मेंदूत चांगला दिसतो, न्यूराइट (न्यूरॉनचे कोंब) फुटताना वाढतो असंही दिसलंय, म्हणून लोकांना वाटलं हाच मेंदूचा खास. पण बीटा काढलेल्या उंदरांच्या मेंदूत ढोबळ असं काही बिघडलं नाही, बिघडलं ते अंडाशय आणि वृषणात. ही गोष्ट मॅडमना सांगितलीस तर पुढचे दोन प्रश्न वाचतील.

मग नर्व्हस टिश्यू वेगळा का? माझं उत्तर असं की हत्यारं तीच, पण ती पेशीत कुठे ठेवलीयत आणि कच्चा माल कुठून येतो, यात मेंदू वेगळा. यावर इथले बाकीचे लिहितीलच.

तर्री_जास्त

रोज दोन अंडी उकडून द्या आजोबांना, सगळं फॉस्फोलिपिड तयारच मिळतं, एवढं केनेडी वगैरे कशाला

(मास्तर, विटाव्याचं एकदम पटलं. पावसाळ्यात तर तिथे एन्झाइम पूर्ण इनहिबिट होतं)

घोडबंदर_ट्रॅफिक

अंड्याची पण गरज नाही हो. मेंदू स्वतःच कोलिन बनवतो. पीईएमटी नावाचं एन्झाइम आहे, ते पीईला तीन मिथाइल लावून पीसी करतं, त्यातून कोलिन निघतं. आम्हाला बीएस्सीला होतं हे. त्यामुळे बाहेरून कोलिन देणं म्हणजे नुसतं महागडं मूत्र तयार करणं.

रबाळे_शिफ्ट

@घोडबंदर_ट्रॅफिक, पीईएमटी आहे पण ते लिव्हरचं काम. लिव्हरमधलं साधारण तीस टक्के पीसी त्या वाटेने येतं. मेंदूत त्याची ॲक्टिव्हिटी सापडते, सिनॅप्टोसोममधे (न्यूरॉनच्या टोकांचे सुटे केलेले तुकडे) मोजलेली आहे, पण इतकी कमी की त्यावर मेंदूचा संसार चालत नाही. मेंदूला कोलिन रक्तातून घ्यावं लागतं. आणि अंड्याचा विनोद विनोद म्हणून ठीक, पण एका मोठ्या अंड्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम कोलिन असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला पुरेसं म्हणून धरलेला आकडा बायकांना ४२५, पुरुषांना ५५० मिलिग्रॅम, तेव्हा तर्रीभाऊंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

आता ताई तुमच्यासाठी. मी पीएचडी अर्धवट सोडलेला माणूस, आता टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत क्यूसीला आहे, पण तेव्हा मेंदूच्याच लिपिडवर होतो म्हणून हात शिवशिवतात.

मास्तरांनी "कुठे ठेवलीयत" म्हटलं त्याचा पुरावा सांगतो आणि माझ्या मते तुमच्या सेमिनारचा कणा हाच करा. न्यूरॉन म्हणजे पेशीचा गोळा एवढासा आणि त्याला ॲक्सॉन (तारेसारखा तंतू) प्रचंड लांब, पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटाकडे जाणारा तर मीटरभर. आता त्या शेवटच्या टोकाचं पटल वाढवायचंय किंवा दुरुस्त करायचंय तर फॉस्फोलिपिड कुठून येणार? जुनी समजूत अशी की सगळं पेशीच्या गोळ्यात बनतं आणि तिथून पाठवलं जातं. कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीत जीन व्हान्स आणि डेनिस व्हान्स, त्यांच्याबरोबर रॉबर्ट कँपेनॉट, यांनी नवजात रॅटचे सिंपथेटिक न्यूरॉन तीन कप्प्यांच्या डिशमधे वाढवले. मधल्या कप्प्यात पेशी, आणि ॲक्सॉन ग्रीसच्या बांधाखालून बाजूच्या कप्प्यांत शिरतात. म्हणजे ॲक्सॉनला एक द्रव आणि गोळ्याला दुसरा द्रव देता येतो, दोन्ही मिसळत नाहीत. डिश किती साधी आहे बघा आणि काय काम केलंय तिने.

लेबल केलेलं कोलिन नुसतं ॲक्सॉनच्या कप्प्यात टाकलं तर तिथल्या तिथे पीसी बनलं. हिशोब केला तर ॲक्सॉनमधलं निम्म्याच्या आसपास पीसी लोकल निघालं. कोलेस्टेरॉल मात्र ॲक्सॉनमधे बनत नाही, ते गोळ्यातूनच येतं. आणि १९९५ चा प्रयोग तर फारच देखणा, ॲक्सॉनच्या टोकाकडे पीसी बनणं थांबवलं तर वाढ थांबली, पण फक्त गोळ्याकडे थांबवलं तर ॲक्सॉन वाढतच राहिला. म्हणजे हत्यारं टोकापर्यंत नेऊन ठेवलीयत आणि ती तिथे लागतातच.

लिव्हरच्या पेशीला हा प्रश्नच पडत नाही कारण तिला टोकच नाही.

इमर्जन्सी_नाईट

मेडिसिनला रेसिडेंट आहे, ठाण्यातच. आजोबांच्या गोळीचं मी घेतो, सेमिनारचं वरचे दोघं जोरात आहेत.

सिटिकोलिनची कल्पना कागदावर फार सुंदर आहे. अडतं कुठे तर सीसीटीवर, मग सीसीटीने जे बनवायचं तेच तयार करून द्या, पुलाखालून जायलाच नको. अडचण अशी की तोंडाने घेतलेलं सीडीपी-कोलिन जसंच्या तसं मेंदूत पोचत नाही. आतड्यात आणि लिव्हरमधे त्याचे तुकडे होतात, कोलिन आणि सायटिडिन, आणि माणसात सायटिडिनचं पुढे युरिडिन होतं. हे दोन मेंदूत जातात, तिथे युरिडिनचं यूटीपी, मग सीटीपी सिंथेटेजने सीटीपी, आणि मग परत सीसीटीसमोरच रांगेत. म्हणजे पूल चुकवून जाणारी गाडी शेवटी पुलापाशीच आली. हां, सीटीपी आणि कोलिन दोन्ही वाढले तर थोडा धक्का मिळत असेल, प्राण्यांमधले निकाल बरे होते.

माणसांत काय झालं? २०१२ साली दोन मोठ्या ट्रायल एकाच वर्षात आल्या. आयसीटीयूएस, जर्मनी, स्पेन आणि पोर्तुगालमधे, २२९८ स्ट्रोकचे पेशंट, पहिल्या चोवीस तासांत सुरू करून सहा आठवडे, दिवसाला २००० मिलिग्रॅम. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) फरक नाही, मधेच थांबवावी लागली कारण पुढे चालवून काही निघणार नाही हे दिसलं. दुसरी कोब्रिट, अमेरिकेत, डोक्याला मार लागलेले १२१३ पेशंट, नव्वद दिवस. तिथेही फरक नाही.

तेव्हा आजोबांना "मेंदू भरून येतो" असं सांगू नकोस. पण म्हणून ऑनलाइन वाचून गोळी बंद पण करू नकोस प्लीज, त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचार, ही चालू ठेवायची का, कशासाठी. गोळी साधारण सोसते लोकांना, मुद्दा खर्चाचा जास्त असतो. आणि ती एक गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण रक्त पातळ करणारी गोळी, बीपीची गोळी आणि हाताची फिजिओ यातलं काही चुकलं तर कोसळू शकतं. ओपीडीत मी रोज बघतो, घरचे लोक मेंदूच्या टॉनिकबद्दल अर्धा तास विचारतात आणि बीपीची गोळी "आता बरं वाटतंय म्हणून सोडली" हे जाता जाता दारात सांगतात.

खाडीपलीकडची

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप थँक्स. डॉक्टर, तुमचं आजोबांना वाचून दाखवलं. बीपीच्या गोळीच्या ओळीला त्यांनी पेपर वर केला आणि आजी त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा काय ते समजा. फिजिओला आता मी स्वतः घेऊन जाणार आहे.

मास्तर आणि रबाळे सर, अजून एक. आत्तापर्यंत सगळं पीसीवर झालं. पण टेबल बघितलं तर मेंदूत पीई आणि पीएस (फॉस्फॅटिडिलसेरीन) पण भरपूर आहे, आणि मायलिनमधे (ॲक्सॉनवरच्या वेष्टनात) प्लास्मॅलोजेन नावाचं काहीतरी आहे जे माझ्या पुस्तकात दीड पॅराग्राफात उरकलंय. ते कुठल्या एन्झाइमने बनतं? आणि यातलं काही बिघडलं तर खरंच नर्व्हचा आजार होतो का, म्हणजे माणसांत? मॅडम "क्लिनिकल को-रिलेशन" विचारतातच विचारतात.

निवृत्त_मास्तर

पीएसपासून धर, कारण पीएस आणि पीईचं नातं मजेशीर आहे. प्राण्यांत पीएस नव्याने बांधत नाहीत, अदलाबदलीने करतात. पीएस सिंथेज-१ पीसीचं कोलिन काढून तिथे सेरीन बसवतं, पीएस सिंथेज-२ हेच पीईवर करतं. कॅल्शियम लागतं, एटीपी लागत नाही. बॅक्टेरियाची तऱ्हा वेगळी, तिथे सीडीपी-डायअसिलग्लिसेरॉल वापरून सरळ बनतं, परीक्षेत पोरं हमखास दोन्हींची खिचडी करतात, तू करू नकोस.

हे सिंथेज बसतात ईआरच्या त्या भागात जो मायटोकाँड्रियाला खेटून असतो. त्याला एमएएम म्हणतात, आणि हे शोधणाऱ्याही वर आलेल्या जीन व्हान्सच, १९९० मधे. तिथून पीएस मायटोकाँड्रियात जातं आणि आतल्या पटलातलं पीएस डिकार्बॉक्सिलेज त्याचा कार्बन डायऑक्साइड काढून पीई करतं. म्हणजे पीईला दोन वाटा, एक केनेडीची ईआरमधली, एक ही मायटोकाँड्रियातली. एक दुसरीची पूर्ण भरपाई करत नाही, डिकार्बॉक्सिलेज काढलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत.

मेंदूच्या पीएसचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात डीएचए खच्चून भरलेलं असतं, माशाच्या तेलातलं ओमेगा-३. आणि कच्चा माल कुठून येतो म्हणालो होतो ना, तो इथे बघ. डीएचए मेंदूत मोठ्या प्रमाणावर लायसो-पीसीच्या (एक फॅटी ॲसिड गेलेल्या पीसीच्या) पाठीवर बसून येतं, ब्लड ब्रेन बॅरियरमधे (रक्त आणि मेंदूमधल्या गाळणीत) एमएफएसडी-२ए नावाचा ट्रान्सपोर्टर आहे, हे २०१४ साली सिंगापूरच्या गटाने दाखवलं. आत आल्यावर त्या लायसो-पीसीला रिकाम्या जागी दुसरं फॅटी ॲसिड लावतात लायसो-पीसी असिलट्रान्सफरेज, ही लँड्सची वाट. इथे केनेडीची एकही पायरी लागत नाही. कोलिनच्या वाटेत आणखी एक फाटा आहे तो विसरू नकोस, कोलिनर्जिक न्यूरॉनमधे त्याच कोलिनवर कोलिन असिटिलट्रान्सफरेजचाही डोळा असतो, असिटिलकोलिन करायला. एमआयटीच्या वर्टमननी मांडलं होतं की कोलिन कमी पडलं तर असे न्यूरॉन स्वतःच्या पटलातलं पीसी मोडून असिटिलकोलिन भागवतात. अल्झायमरमधे हेच न्यूरॉन आधी का जातात त्याचं हे कारण असावं असं त्यांचं म्हणणं. गृहीतक म्हणूनच सांग, सिद्ध झालंय म्हणून नको.

आजारांचं म्हणशील तर कोलिन किनेज बीटाचा जीन दोन्हीकडून बिघडला तर जन्मजात स्नायूंचा आजार होतो, त्यात मायटोकाँड्रिया राक्षसी आकाराचे होतात, आणि बौद्धिक वाढही मागे पडते. पीसीवायटी-१ए, म्हणजे सीसीटी-अल्फाचा जीन, बिघडला तर हाडांचा आणि डोळ्यातल्या पडद्याचा आजार. पण तुझ्या विषयाला सगळ्यात नेमका पीसीवायटी-२, पीईच्या वाटेतला तोच मधला एन्झाइम. तो बिघडला की हेरेडिटरी स्पास्टिक पॅराप्लेजिया, पाय ताठरत जातात. त्याच्या पुढच्या पायरीचं एन्झाइम, ईपीटी-१, जे सेलेनियम असलेलं प्रोटीन आहे, ते बिघडलं तरी हाच प्रकार. रबाळेंचं "टोक" आठव. मेंदूतून पाठीच्या कण्यात खालपर्यंत उतरणारे, पाय हलवणारे लांब मोटर ॲक्सॉन, तेच अडचणीत येतात. पटल बनवण्यात थोडी कसर राहिली तर सगळ्यात लांबच्या तारेला सगळ्यात आधी कळत असणार असा माझा तर्क, पण हा तर्क माझा आहे, मॅडमच्या तोंडावर फेकू नकोस.

प्लास्मॅलोजेन रबाळेंनी घ्यावं, माझी बोटं दुखली.

रबाळे_शिफ्ट

घेतो मास्तर. नाईट सुरू व्हायला वेळ आहे.

प्लास्मॅलोजेन म्हणजे असं फॉस्फोलिपिड ज्याच्या ग्लिसेरॉलच्या पहिल्या कार्बनला एस्टरऐवजी व्हिनाइल ईथर बाँड आहे. मायलिनमधलं बहुतेक पीई याच रूपात असतं. एन्झाइमची मजा अशी की सुरुवात ईआरमधे होतच नाही, पेरॉक्सिसोममधे (पेशीतली एक छोटी पिशवी) होते. जीएनपॅट नावाचं एन्झाइम डायहायड्रॉक्सिअसिटोन फॉस्फेटला फॅटी ॲसिड लावतं, मग एजीपीएस ते फॅटी ॲसिड काढून तिथे फॅटी अल्कोहोल बसवतं, हा झाला ईथर बाँड. मग माल ईआरमधे येतो, तिथे इथेनॉलअमिन चढवायला वर आलेलं ईपीटी-१, आणि सगळ्यात शेवटी एक डिसॅच्युरेज दुहेरी बंध घालतं.

आता हे शेवटचं डिसॅच्युरेज. त्याची ॲक्टिव्हिटी लोकांना अनेक दशकं माहीत होती पण जीन कुठला ते कळत नव्हतं. पटलात घट्ट बसलेलं प्रोटीन, शुद्ध करायला गेलं की मरायचं. सापडलं कुठे तर मातीतल्या एका बॅक्टेरियात! मिक्सोकॉकस नावाचा बॅक्टेरिया उजेड पडला की कॅरोटिनॉइड बनवतो, त्याचा अभ्यास स्पेनमधे चालू होता, त्यात कारएफ नावाचं प्रोटीन लागायचं. २०१९ मधे त्यांनी दाखवलं की कारएफ हेच ते प्लास्मॅलोजेनचं डिसॅच्युरेज, आणि माणसातला त्याचा भाऊबंद टीएमईएम-१८९ नावाने अनोळखी पडून होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या गटाने वेगळ्या वाटेने तेच सांगितलं. आता त्याला पीईडीएस-१ म्हणतात. लायब्ररीतलं पुस्तक याच्या आधीचं असणार म्हणून दीड पॅराग्राफ. ही स्लाइड टाकाच, मॅडमना पण कदाचित नवीन असेल.

बिघडलं तर काय? जीएनपॅट, एजीपीएस किंवा एजीपीएसला पेरॉक्सिसोममधे पोचवणारं पेक्स-७, यातलं काही गेलं की रायझोमेलिक काँड्रोडिस्प्लेजिया पंक्टाटा. खांद्याकडचे आणि मांडीचे हाडांचे भाग आखूड, लहानपणीच मोतीबिंदू, मेंदूची वाढ फार मागे. निदानाला लाल पेशींतलं प्लास्मॅलोजेन मोजतात. एकाच लिपिडच्या एन्झाइमवर हाडं, डोळे, मेंदू तिन्ही अडलेले.

खाडीपलीकडची

मिक्सोकॉकसवाली स्लाइड फायनल! आता शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडते. मॅडम म्हणाल्यात डेमो केला तर मार्क जास्त. एन्झाइम ॲसे आमच्याकडे शक्य नाही, किरणोत्सारी कोलिन वापरायची परवानगी नाही आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूज म्हणे दुरुस्तीला गेलंय ते आमच्या सीनियर्सच्याही आधीपासून. साधं काही दाखवता येईल का?

रबाळे_शिफ्ट

एन्झाइम नाही तर एन्झाइमने बनवलेला माल दाखवा. टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) करा, मस्त दिसतं.

जांभळी नाक्याकडच्या मटणाच्या दुकानातून सकाळी ताजा भेजा आणा, बकऱ्याचा. बर्फात आणा. वरचं पातळ आवरण आणि रक्ताच्या नळ्या चिमट्याने सोडवून टाका नाहीतर रक्ताचे लिपिड मिसळतात. बाहेरचा करडा भाग आणि आतला पांढरा भाग शक्य तितका वेगळा कापा, पांढऱ्यात मायलिन जास्त, म्हणजे दोन सँपल झाले आणि तुलना करता येते. एका ग्रॅमला वीस मिली क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, दोनास एक, ही फोल्चची १९५७ ची पद्धत. घोटून गाळा. मग एकूण द्रवाच्या एक पंचमांश मिठाचं पाणी घालून हलवून ठेवा. दोन थर होतात, लिपिड खालच्या क्लोरोफॉर्ममधे, साखर-मीठ-प्रोटीनचा कचरा वर. मधे पांढरी साय दिसते ती ढवळू नका, नवी पोरं हमखास पिपेट तिथेच घालतात.

सिलिका प्लेटवर टिंब लावा, सॉल्व्हंट क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी ६५:२५:४. आधी आयोडीनच्या बरणीत ठेवा, सगळं पिवळं-तपकिरी उठतं, पेन्सिलने गोल करा. ते उडालं की निनहायड्रिन मारून गरम करा, पीई आणि पीएस जांभळट होतात कारण त्यांना मोकळा अमिनो ग्रुप आहे. पीसी आणि स्फिंगोमायलिन होत नाहीत. दुसऱ्या प्लेटवर ड्रॅगेनडॉर्फ मारा, तिथे उलट, कोलिनवाले दोघं नारिंगी. दोन प्लेट शेजारी धरल्या की वर्गातल्या शेवटच्या बाकालाही फरक दिसतो. पांढऱ्या भागाच्या पट्टीत खूप वर मोठा ठिपका दिसेल तो कोलेस्टेरॉल, आणि मधे सेरेब्रोसाइड, त्यांना फॉस्फोलिपिड म्हणून खपवू नका, त्यात फॉस्फरसच नाही. मोलिब्डेनम ब्लूचा स्प्रे मिळाला तर तोही मारा, फक्त फॉस्फेटवालेच निळे होतात, वाद मिटतो.

आणि सगळं फ्यूम हूडमधे. हूड पण दुरुस्तीला गेला असेल तर डेमो करू नका, नुसते फोटो मागा, मी जुने शोधून देतो.

तर्री_जास्त

उरलेल्या भेज्याचं काय करता? लिंबू पिळून भेजा फ्राय छान होतो म्हणून विचारलं

रबाळे_शिफ्ट

लॅबच्या फ्रीजमधे गेलेला भेजा परत घरी नाही आणायचा भाऊ. फ्रायसाठी वेगळा घ्या, वेगळ्या पिशवीत.

निवृत्त_मास्तर

आणि लिंबू आधी नको पिळू, सगळ्यात शेवटी. मुली, सेमिनार कुठल्या वारी आहे ते कळव, जमलं तर नेरुळहून ठाणे लोकलने येतो, मागे बसून ऐकेन, प्रश्न विचारणार नाही.

खाडीपलीकडची

गुरुवारी दुपारी आहे मास्तर, या ना! पण प्रश्न विचारणार नाही म्हणालात ते स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.